एकदा नाव पाण्यात जाऊ दे

८ सप्टेंबर

चिमण,

अनेक आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "ताई, वर्ग सुरू होतोय" म्हणतोस आणि तिसऱ्याला ठेवून देतोस. शिवाय अप्पा शेजारच्या खुर्चीत कान देऊन बसलेले असतात. गच्चीत जाऊन बोलावं तर हल्ली जिना नको वाटतो.

परवा समोरच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आपल्या फाटकाशी तिरकी उभी होती. अप्पा खाली गेले आणि म्हणाले, किल्ली द्या, सरळ लावून देतो. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, तिने विश्वासाने दिली. उजव्या डोळ्याला त्यांना कडेचं काहीच दिसत नाही, हे तिला बिचारीला कुठून कळणार? गाडीचं दार फाटकाच्या खांबाला घासून आत गेलं. कोणाला लागलं नाही, एवढं नशीब. अप्पांचं म्हणणं, खांबच चुकीच्या जागी बांधलाय.

आपल्या गाडीची किल्ली मी काढून घेतली ती तुझ्या सांगण्यावरून, हे तुला आठवतं ना? "ताई, तूच घे, स्वतःच्या वडिलांना माझ्याने सांगवणार नाही," असं म्हणालास. मी घेतली. तेव्हापासून ते माझ्याशी हवामान खात्यासारखे बोलतात. आज उकडतंय. आज वारा आहे. तुझ्याशी मात्र फोनवर खदखदून हसतात.

ऑक्टोबरच्या मध्यापासून त्यांना तुझ्याकडे ठेव. मला बाहेर जायचंय. दीड-दोन महिने धरून चाल.

तुझी
ताई


१९ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. पत्र वाचून वाईट वाटलं. अप्पांना आणायला माझी काहीच ना नाही, मी एकटा माणूस, दोन खोल्या आहेत. फक्त ही वेळ फार अडचणीची आहे.

यंदा आमच्या कॉलेजची पोरं एका स्पर्धेत उतरलीयत. काँक्रीटची नाव बांधायची आणि तिच्यात बसून शर्यत मारायची. हसू नकोस, सगळे हसतात. सिमेंटमध्ये हलके मणी आणि राख घालून मिश्रण इतकं हलकं करायचं की ते पाण्यावर राहील. मार्गदर्शक म्हणून माझं नाव दिलंय, आणि नियम असा की मास्तरने हात लावायचा नाही, सुचवायचंही नाही. विचारलं तरच सांगायचं. आणि ही पोरं विचारत नाहीत!

एक मुलगी प्रमुख आहे, तिला सगळे कप्तान म्हणतात. मिश्रणाचं काम एका मुलाकडे, तो सदा राखेने माखलेला, म्हणून त्याचं नाव राखुंडी. त्याने पहिला ठोकळा हौदात टाकला तो थेट तळाला गेला. कप्तान म्हणाली, "सर, निदान सरळ तरी गेला." मी डोक्याला हात लावून बाहेर आलो.

स्पर्धा डिसेंबरच्या सुरुवातीला आहे. एकदा नाव पाण्यात जाऊ दे, मग अप्पांना हवं तेवढे दिवस ठेवतो. तोवर तू सांभाळून घे.

तुझा
चिमण


२७ सप्टेंबर

चिमण,

मागच्या वर्षी परीक्षा होत्या. त्याच्या आधी इमारतीला रंग. त्याच्या आधी तुझ्या पाठीत उसण. आता नाव. सिमेंट तरंगवायला निघालेल्या माणसाला दोन खोल्यांत एक म्हातारा माववता येत नाही, हे मी कोणाला सांगू?

तू विचारायची वाट मी बघणार नाही. ग्रंथालयातल्या मैत्रिणींबरोबर सहल ठरलीय, तारीख बदलता येत नाही. अकरा तारखेला मी अप्पांना घेऊन येते. त्यांना सांगितलंय. ते चक्क तयार झाले, वादसुद्धा घातला नाही.

मी नसताना घरच्याच पत्त्यावर लिही. खालच्या मजल्यावरची बाई पत्रं पुढे पाठवेल.

ताई


१६ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. त्या दिवशी टॅक्सीतून खालीसुद्धा उतरली नाहीस. पिशव्या खिडकीतून दिल्यास. वर ये, चहा घे म्हटलं, तर "दुसरा मजला कोण चढतंय" म्हणालीस आणि गेलीस. एवढा राग?

असो. अप्पा मजेत आहेत, मी नाही. पहाटे उठून गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्यांना शिकवतात. मी कॉलेजला निघालो की आधीच बूट घालून दारात उभे. एकटं ठेवायची भीती वाटते म्हणून कार्यशाळेत नेतो. तिथे त्यांना खुर्ची दिलीय. पहिल्याच दिवशी साऱ्या मुलांसमोर त्यांनी मोठ्याने विचारलं, "चिमण, हे लाकडाची का करत नाहीत?" चौदा पोरांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून रोज फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी चिमणी काढून ठेवतं.

नावेचा साचा थर्माकोलचे काप एकापुढे एक चिकटवून करतात. सोमवारी मी पाहिलं, पुढच्या अर्ध्या भागाचे काप यांनी उलटे लावलेत. नाव केळ्यासारखी डावीकडे वळलेली. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, घसा खाकरला, कोणी काही विचारेना. गुरुवारी त्यांच्या लक्षात आलं, तोवर घासून गुळगुळीतही करून झालं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून. कप्तान राखुंडीवर चिडलीय, राखुंडी काप कापणाऱ्यांवर, मी सगळ्यांवर. अप्पा म्हणतात, त्यांना आधीच वाटलं होतं नाव वाकडी आहे. उजवीकडे.

रोज संध्याकाळी एकच प्रश्न, ताईचा फोन आला का? मी सांगतो, ती फिरायला गेलीय, तिला मजा करू दे. की तोंड फिरवून बसतात. पाच दिवसांत त्यांना तुझ्याकडे परत यायची घाई झालीय, दुसरं काय.

तुझा
चिमण


२८ ऑक्टोबर

चिमण,

आशीर्वाद. इथे फार छान आहे. सकाळचा चहा खोलीत येतो. मग एक तरुण मुलगी येते आणि आम्हा सगळ्यांना चालायला नेते. दमदाटी करते, पण मनाने चांगली आहे. काल व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. दुपारी सक्तीची झोप. जेवण आळणी आहे, पण माझ्या हातचं नाही, हेच केवढं सुख. किती वर्षांत मी कोणाला "जेवलात का" विचारलं नाही असा दिवस गेला नव्हता.

अप्पांच्या डोळ्यांत थेंब रोज दोनदा. "घातले" म्हणतील, विश्वास ठेवू नकोस, बाटली उजेडात धरून बघ. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेव. आणि त्यांना एवढं सांग की सगळं नीट पार पडलं.

वाकड्या नावेबद्दल वाचून हसले, मग हसू नये म्हणून शेजारच्या बाईने दटावलं. तिला हसताना दुखतं आणि माझं बघून तिलाही हसू येतं.

ताई


१३ नोव्हेंबर

ती. ताईस,

तुझं बरं आहे. खोलीत चहा, सोबत मैत्रिणी, दुपारची झोप. इथे माझ्या नाकी नऊ आलेत.

नाव एकदाची घातली. साच्यावर बोटाएवढ्या जाडीचा थर हाताने थापायचा, त्यावर जाळी, त्यावर पुन्हा थर, आणि मध्ये थांबायचं नाही. पोरं दिवसभर गुडघ्यांवर होती. कप्तान सुई टोचून टोचून जाडी तपासत फिरत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की यांचं काहीतरी होईल.

पण काँक्रीट वाळू द्यायचं नसतं, ओलं ठेवायचं असतं. वर गोणपाट टाकून ते भिजवत राहायचं. मध्ये दोन दिवस सुट्टी आली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी पाणी मारेल. मीही अप्पांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. सुट्टीनंतर दार उघडलं तर गोणपाट पापडासारखं कडक आणि नावेच्या पोटावर केसाएवढा तडा. पाणी मारणाऱ्यांच्या पाळीत राखुंडीचं नाव होतं. कप्तान त्याच्याशी बोलत नाही. मीही त्याला सगळ्यांदेखत नको ते बोललो.

तडा बुजवलाय. टिकेल की नाही, देव जाणे.

तुझा निरोप अप्पांना सांगितला. म्हटलं, सगळं नीट पार पडलं म्हणते ताई. मी आपला प्रवासाबद्दल सांगत होतो. तर ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. जेवायला बोलावलं तर डोळे पुसत आले. म्हणाले, थेंब झोंबतात. बाटली उजेडात पाहिली, भरलेली होती. आता काय बोलावं या माणसाला?

तुझा
चिमण


२१ नोव्हेंबर

चिमण,

राखुंडीला जे बोललास ते परत घे. चौदा जणांनी सोडून दिलेलं काम एकाच्या नावावर टाकायचं, ही पद्धत मला घरातून चांगली ठाऊक आहे.

अप्पांना झोंबू दे. थेंब घाल.

मी पुढच्या आठवड्यात घरी परततेय. अप्पांना मात्र लगेच पाठवू नकोस.

ताई


३ डिसेंबर

ती. ताईस,

स्पर्धेच्या गावातून लिहितोय, वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून. राखुंडीची माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं आणि "बरं सर" म्हणून परत घासायला बसला. माझ्यासाठी एवढं पुरे.

आज जे झालं ते तुलाच सांगण्यासारखं आहे.

नाव ट्रकने आणली. खाली गाद्या, बाजूंना उश्या, वर कप्तान आणि राखुंडी राखण करत. पुढे ड्रायव्हर, मी आणि मध्ये अप्पा. गाव सोडायच्या आतच अप्पा सुरू झाले. गिअर उशिरा टाकलास. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. आरशात बघ. ड्रायव्हर तिशीचा, आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. मी अप्पांचा हात दाबत होतो, ते माझाच हात बाजूला सारत होते. पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली, किल्ली तशीच ठेवली, खाली उतरला आणि म्हणाला, "आजोबांनाच चालवू दे." आणि सरळ पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाठ करून बसला.

मी त्याच्यामागे धावलो. त्याने ऐकलं नाही. परत येऊन बघतो तर अप्पा ड्रायव्हरच्या जागेवर सरकलेले. आरसा नीट केलेला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. ताई, त्यांचा चेहरा काय झाला होता म्हणून सांगू. दहा-बारा वर्षांनी लहान दिसत होते.

"बस वर," मला म्हणाले. "दोन तासांचा रस्ता आहे."

मागून कप्तान आणि राखुंडी माझ्याकडे बघत होते. तिकडे शर्यतीच्या नोंदणीची वेळ टळत होती. आणि खरं सांगतो, पहिलं माझ्या मनात आलं ते हे की फोन काढावा आणि तुला लावावा. तू सांगशील त्यांना. नेहमी तूच सांगतेस.

मी म्हटलं, "अप्पा, उतरा."

"ताईसारखं करू नकोस. तू तसा नाहीस."

"अप्पा, तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही. तुम्ही गाडी चालवणार नाही. आज नाही, पुढेही नाही. आणि हे ताई नाही, मी सांगतोय."

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग उतरले. उतरताना मी हात दिला तो घेतला नाही. कप्तानने टपरीवर जाऊन ड्रायव्हरला काय सांगितलं कोण जाणे, तो परत आला. अप्पा मागून आलेल्या मुलांच्या बसमध्ये जाऊन बसले. त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. जेवताना मीठ मागायचं तरी राखुंडीमार्फत.

तू हे रोज कसं सोसलंस? मी एका दिवसात थकलोय.

चिमण


८ डिसेंबर

ताई,

आधी स्पर्धेचं सांगून टाकतो, म्हणजे मग मला तुझ्यावर मोकळेपणी चिडता येईल.

शर्यतीच्या आधी एक परीक्षा असते. नाव पाण्याने काठोकाठ भरायची, दाबून पूर्ण बुडवायची आणि सोडून द्यायची. ती आपसूक वर आली तरच शर्यतीत. आमची बुडवली. पाणी गढूळ, खाली काहीच दिसेना. राखुंडी माझ्या शेजारी उभा राहून मिश्रणातल्या वस्तूंची नावं पुटपुटत होता. मग आधी टोक वर आलं, मग बाकीची, अगदी आळसावून, म्हैस उठते तशी. पोरं इतकी ओरडली की पंचांनी दोनदा शिट्टी वाजवली.

मुलींच्या शर्यतीत कप्तान आणि तिची मैत्रीण. निम्म्या अंतरापर्यंत तिसऱ्या होत्या. वळणावर नाव जोरात फिरवली आणि तो बुजवलेला तडा उघडला. काठावरूनही कळलं, कारण कप्तानने एकदम खाली पाहिलं. पाणी आत येत होतं. पंचांची होडी जवळ गेली, बाहेर या म्हणाली. तिने मान हलवली. मागची मुलगी डब्याने पाणी उपसत राहिली, कप्तान एकटी वल्हवत राहिली. शेवटच्या आल्या. काठाला लागल्या तेव्हा कंबरेपर्यंत पाण्यात बसलेल्या होत्या. राखुंडी कपड्यांसकट आत शिरला आणि नाव धरून उभा राहिला, आणि कप्तान त्याला म्हणाली, "तुझं मिश्रण चांगलं होतं रे." इतक्या दिवसांत त्याच्याशी पहिलं वाक्य.

शेजारी अप्पा, अजून मुके. मला उगाच त्यांच्यावर राग काढावासा वाटला. म्हटलं, बोलायचं नसेल तर नका बोलू, घरी पोचलो की तुम्हाला ताईकडे सोडून येतो, ती मस्त फिरून ताजीतवानी झालीय.

अप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "ती फिरायला गेली नव्हती. तिचा गुडघा बदललाय."

मला आधी कळलंच नाही. मग टॅक्सीची खिडकी, दुसरा मजला, चालायला नेणारी मुलगी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ताई, मी तुझा हेवा केला पत्रात! मी तुला लिहिलं, तुझं बरं आहे!

अप्पांनी सांगितलं, तू त्यांना घरातून निघायच्या आधीच सगळं सांगितलं होतंस. ते म्हणाले होते, मी जातो चिमणकडे, तू करून घे. आणि तू त्यांच्याकडून शब्द घेतलास की मला कळू द्यायचं नाही. जो माणूस अनोळखी ड्रायव्हरला क्लचबद्दल सांगितल्याशिवाय राहत नाही, त्याने दोन महिने हे पोटात ठेवलं. रोज संध्याकाळी मला विचारत होता, ताईचा फोन आला का, आणि मी त्याला म्हणत होतो, मजा करू दे तिला.

का नाही सांगितलंस? मी इतका परका आहे का? ऑपरेशनच्या कागदावर सही कोणी केली? खालच्या बाईने? ती कोण आपली?

शनिवारी आम्ही दोघं येतोय. येऊ नका म्हणालीस तरी येतोय.

चिमण


१८ डिसेंबर

चिमण,

अनेक आशीर्वाद. तू विचारलेल्याचं उत्तर शनिवारी तोंडावर दिलं नाही, कारण तू आल्याआल्या माझ्या स्वयंपाकघरात शिरून भांडी घासायला लागलास आणि मला त्यात दोन कप फुटताना ऐकू आले.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "ताई, एकदा नाव पाण्यात जाऊ दे." आणि मी थांबले असते. तू वाईट आहेस म्हणून नाही. मला थांबायची सवय आहे म्हणून. या वेळी मला थांबायचं नव्हतं. आता यावर आणखी एक पत्र लिहू नकोस. सही खालच्या बाईने केली, आणि ती तुझ्यापेक्षा कमी प्रश्न विचारते.

तू बाजारात गेला होतास तेव्हाचं सांगते. मी वॉकर घेऊन खिडकीपासून दारापर्यंत चालत होते. अप्पा खुर्चीत. मला वाटलं, आता उकडतंय म्हणतील.

म्हणाले, "दुखतं का?"

मी म्हटलं, नाही.

"खोटं बोलू नकोस. डावा पाय टाकताना तू श्वास धरतेस."

मग उठले आणि माझ्या शेजारून चालायला लागले, माझ्याच वेगाने. चार फेऱ्या झाल्या. तू घंटी वाजवलीस तेव्हा ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि तुला म्हणाले, इतका वेळ कुठे होतास.

तुझ्याकडे परत जायचं त्यांनी आपणहून ठरवलं. मी एका शब्दाने सुचवलं नव्हतं, उलट राहा म्हणणार होते. पिशवी त्यांनीच भरली. मार्चपर्यंत राहतो म्हणाले, पोरं पुढच्या वर्षीच्या नावेचा विचार करतायत आणि त्यांना सरळ काय नि वाकडं काय ते कळत नाही. तू कपाळाला हात लावलास तो मी पाहिला. मला बरं वाटलं.

जिन्याच्या तोंडाशी मी उभी राहिले, तुम्ही खाली गेलात. अप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. मी आपली दार लावून आत आले. संध्याकाळी खालची बाई वर आली. म्हणाली, तुझा भाऊ टॅक्सी थांबवून हाका मारत होता आणि तुझे वडील जिन्याखाली भिंतीला धरून उभे. ती म्हणाली, "आजोबा, काही राहिलं का?" तर त्यांनी तिला हाताने गप्प केलं. वर माझा वॉकर वाजत होता. टक, टक, पलंगापर्यंत. तो थांबला, मी बसले असं त्यांना कळलं, तेव्हा ते निघाले.

ताई